शिवराई पारखताना

सातारा-सांगलीकडच्या एखाद्या जुन्या घरातील देव्हाऱ्यात तांब्याचा जाड, ओबडधोबड पैसा तुम्ही पाहिला असेल. त्याच्या एका बाजूस तीन ओळींत ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्र पति’ अशी अक्षरे असतात. हीच शिवराई. १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला, त्या काळी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई अशी दोन नाणी शिवाजी महाराजांनी पाडली. होन आज अतिशय दुर्मीळ आहे. शिवराई मात्र महाराजांनंतरही दीडशे वर्षांच्या आसपास निरनिराळ्या टांकसाळींत पडत राहिली. साताऱ्याचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाले, तरी बाजारातला तिचा वावर लगेच संपला नाही. म्हणून हाती आलेली प्रत्येक शिवराई महाराजांच्या काळातली, असे समजू नका. अक्षरांच्या मध्ये दोन आडव्या रेघा असलेली ‘दुदांडी’ शिवराई तर बरीच नंतरची आहे.

हल्ली ही नाणी मोबाइलवर विकायला असतात. खाली ‘अस्सल, अतिदुर्मीळ, रायगड टांकसाळ’ असे लिहिलेले असते आणि वर एक छायाचित्र. नाणे हातात नाही, कोणा जाणकाराने त्याची प्रत ठरवलेली नाही, आणि पैसे मात्र आधी द्यायचे. अशा वेळी काय पाहावे?

प्रथम प्रकाश पाहा. समोरून लख्ख उजेड पाडून घेतलेल्या चित्रात झिजलेले नाणेही गुळगुळीत आणि सुरेख दिसते. उजेड बाजूने, तिरपा आला, की उठावाच्या सावल्या पडतात आणि अक्षर किती शिल्लक आहे ते कळते. सायंकाळच्या तिरप्या उन्हात शेतातल्या सऱ्या कशा स्पष्ट दिसतात, तोच हा प्रकार. म्हणून विक्रेत्याकडे दोन्ही बाजूंची आणि कडेची तिरप्या उजेडातली चित्रे मागा. शेजारी मोजपट्टी ठेवायला सांगा. आणि वजन ग्रॅममध्ये, दोन दशांश स्थळांपर्यंत विचारा. जो हे द्यायला टाळाटाळ करतो, त्याच्याकडून घेऊ नये, हे बरे.

आता अक्षरांकडे वळू. शिवराई यंत्रावर नव्हे, हाताने पाडली जाई. तांब्याची चकती दोन ठशांच्या मध्ये ठेवून वरून घणाचा घाव घालीत. चकती ठशापेक्षा लहान असे, घाव तिरका बसे. त्यामुळे एखादे अक्षर चकतीबाहेर जाणे हा दोष नव्हे, ती या नाण्याची रीतच आहे. शुद्धलेखनाचेही तसेच. ऱ्हस्व-दीर्घाच्या कितीतरी तऱ्हा अस्सल शिवरायांवर आढळतात. उलट वाटोळी गरगरीत, काठावरचे सगळे ठिपके जागच्या जागी आणि सर्व अक्षरे पूर्ण, अशी शिवराई स्वस्तात मिळू लागली तर शंका घ्या. बनावट नाणे पुष्कळदा साच्यात ओतलेले असते. ओतताना हवेचे बुडबुडे अडकतात, त्यांचे बारीक खड्डे पृष्ठभागावर राहतात. अक्षरांच्या कडा बोथट होतात. आणि काठावर साच्याच्या दोन भागांची जोडरेषा दिसते, किंवा ती घासून काढल्याच्या खुणा तरी दिसतात. घावाने पाडलेल्या नाण्याच्या काठाला मात्र अनेकदा तडे गेलेले असतात.

नाणे हाती आल्यावर खरा प्रयोग करता येतो, आणि तो आर्किमिडीजचाच आहे. शाळेतील मोजपात्र येथे उपयोगी नाही. सव्वा घन सेंटिमीटर पाण्याची वाढ त्यात नीट वाचता येत नाही. त्याऐवजी ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा घ्या. समजा, नाणे ११.२० ग्रॅम भरले. आता काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. नाणे बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल असे लोंबकळत धरा. ते तळाला वा भिंतीला टेकता कामा नये. आता काटा जे वजन दाखवील ते नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे. एक घन सेंटिमीटर पाणी म्हणजे एक ग्रॅम, तेव्हा तो आकडा म्हणजेच नाण्याचे आकारमान. तो १.२६ आला तर घनता ११.२० भागिले १.२६, म्हणजे सुमारे ८.८९. शुद्ध तांब्याची घनता ८.९६ आहे, तेव्हा हे जुळले. पितळेचे नाणे असते तर आकडा १.३२ च्या आसपास आला असता. फरक अवघा सहा शतांश ग्रॅमचा! नाण्याला चिकटलेला एखादा मोठा बुडबुडाही एवढी गफलत करू शकतो, म्हणून नाणे पाण्यात हलवून बुडबुडे घालवा आणि प्रयोग तीनदा करा.

चांदीच्या रुपयाला ही कसोटी अधिक सोपी जाते. राणी व्हिक्टोरियाचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, बारा भागांत अकरा भाग चांदीचा. त्याची घनता १०.३ च्या जवळ येते. जर्मन सिल्व्हरच्या नकलेची नऊच्याही खाली राहते. खानापूर, आटपाडी, विटा आणि साताऱ्याच्या माण-खटाव भागातून देशभर पसरलेले गलाई कारागीर सोन्या-चांदीची पारख करण्यात मुरलेले असतात. असा कोणी काका तुमच्या नात्यात असेल, तर रुपया त्यालाही दाखवा.

मात्र एक ध्यानात घ्या. घनता जुळली नाही, तर नाणे त्या धातूचे नाही हे ठरते. जुळली, तर ते जुने आहे हे ठरत नाही. बनावट करणाराही खरे तांबे वापरू शकतो. मग पाहायचा तो रंग. तांब्यावर वर्षानुवर्षे हवेची क्रिया होऊन प्रथम लालसर ऑक्साइड, मग काळपट ऑक्साइड आणि दमट जागी हिरवे कार्बोनेट यांचा थर चढतो. जुना थर धातूला घट्ट धरून असतो. रसायन लावून घाईत आणलेला हिरवा रंग पुष्कळदा खोलगट भागात साचलेला असतो आणि ओल्या कापसाला लागतो.

अमेरिकेत डॉ. विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये तेथील तांब्याच्या जुन्या सेंटसाठी १ ते ७० अशी प्रतवारी मांडली. आज जगभर नाणी त्याच पट्टीवर तोलतात. बेसबॉल खेळाडूंच्या जुन्या पत्त्यांनाही तिकडे १ ते १० असे गुण देऊन प्लॅस्टिकमध्ये बंद करतात. या सगळ्या प्रतवाऱ्यांत एक गोष्ट सारखी आहे: वस्तू ‘सुधारली’ की तिची प्रत घसरते. चिंच किंवा लिंबू लावून शिवराई चकचकीत करणारे पुष्कळ भेटतात. आम्लात तो जुना थर विरघळतो आणि उघडे गुलाबी तांबे वर येते. नाणे सुंदर झाले असे वाटते, पण वयाचा पुरावा धुऊन गेलेला असतो आणि तो परत आणता येत नाही.

फिकट हिरवी, भुकटीसारखी सुटणारी पूड दिसली, तर मात्र ते नाणे इतरांपासून वेगळे ठेवा. तो क्लोराइडचा रोग आहे. क्लोराइड, ओलावा व प्राणवायू यांच्या क्रियेतून हायड्रोक्लोरिक आम्ल बनते, ते आतल्या तांब्यावर हल्ला करते, आणि पुन्हा क्लोराइड तयार होते. स्वस्त पीव्हीसीच्या पाकिटात नाणी ठेवू नका. त्यातूनही असले आम्ल सुटते. कोरडी, आम्लरहित कागदाची पाकिटे चांगली.

आणि शेतात नांगरताना नाण्यांचे मडके सापडले तर? १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचे असे धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. मडके, त्यातली नाणी आणि सापडल्याची जागा ही सारी मिळून अभ्यासकाला सांगतात, की कोणती नाणी एकाच वेळी चालत होती. त्यातले एक नाणे उचलून मोबाइलवर विकले, की पुढच्या ग्राहकाला उरते ते फक्त छायाचित्र आणि विक्रेत्याचा शब्द.