घंटेनंतरची शिस्त : दिवसाची आखणी आणि वेळेची मालकी

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी घरी भेटावयास आला. नागपूरला खोली घेऊन तो स्पर्धा परीक्षेची तयारी करीत आहे. अभ्यास कसा चालला आहे, असे विचारताच तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "सर, इथं घंटा होती. तिथं घंटा वाजवणारं कोणीच नाही."

त्याचे हे वाक्य बरेच दिवस मनात राहिले. पहाटेची घंटा, वंदना, न्याहारी, तास, खेळ, सायंकाळची अभ्यासिका आणि दिवे मालवण्याची वेळ असा आपल्या वसतिगृहाचा दिवस ठरलेला असतो. मात्र तो दुसऱ्या कोणीतरी आखून दिलेला असतो. शाळेचे फाटक ओलांडले की घंटा मागे राहते आणि दिवस आपल्या हाती येतो. त्या दिवसाचे काय करावे, हे आपण विद्यार्थ्यांना पुरेसे शिकवले आहे काय, असा प्रश्न मला पडला. त्या प्रश्नातूनच हा लेख लिहिला आहे.

आजकाल ज्याला 'टाइम ब्लॉकिंग' म्हणतात, ती रीत समजण्यास अगदी सोपी आहे. करावयाच्या कामांची केवळ यादी करावयाची नाही. दिवसाचे लहान-मोठे कालखंड पाडावयाचे आणि प्रत्येक कालखंडाला एक काम नेमून द्यावयाचे. यादी काय करायचे ते सांगते, केव्हा करायचे ते सांगत नाही. म्हणून यादीतील सोपी कामे आधी होतात आणि महत्त्वाचे काम उद्यावर जाते. इंग्रज इतिहासकार पार्किन्सन यांनी १९५५ साली एक मार्मिक निरीक्षण नोंदवले होते : कामासाठी जितका वेळ मोकळा ठेवावा, तितके काम पसरत जाते. कालखंड ठरवला म्हणजे कामाला बांध पडतो.

ही रीत परदेशी पुस्तकांतून आली, असे वाटण्याचे कारण नाही. पाचव्या शतकातील आचार्य बुद्धघोष यांनी 'सुमंगलविलासिनी' या अट्ठकथेत भगवान बुद्धांच्या दिवसाचे पाच भाग वर्णिले आहेत. सकाळी भिक्षाटन व गृहस्थांना उपदेश, दुपारी भिक्खूंना मार्गदर्शन, थोडी विश्रांती व जनांना धम्मदेशना आणि त्यानंतर रात्रीचे तीन प्रहर. पहिल्या प्रहरी भिक्खूंच्या शंकांचे निरसन होई. शेवटच्या प्रहराचेही पुन्हा भाग पाडलेले होते : चंक्रमण, निद्रा आणि आपण कोणाच्या उपयोगी पडू शकू याचे करुणापूर्वक अवलोकन. ही अट्ठकथा बुद्धकाळानंतर शतकानुशतकांनी लिहिली गेली. त्यात देवतांच्या प्रश्नांसाठीही एक प्रहर राखलेला आहे. म्हणून इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने मी तिला शब्दशः दैनंदिनी मानीत नाही. तरीही परंपरेने आदर्श दिवसाची कल्पना अशी विभागून केली आणि त्यात विश्रांतीलाही जागा ठेवली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

आपल्या समाजासाठी मात्र या विषयाला आणखी एक बाजू आहे. वेळ आखण्यापूर्वी वेळ आपली असावी लागते. मुंबई इलाख्यातील महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली कायदेमंडळात विधेयक मांडले. तेव्हा त्यांचा एक प्रमुख आक्षेप कामाच्या वेळेबाबत होता. वतनदाराच्या कामाला ठरलेले तास नव्हते. दिवसा-रात्री केव्हाही बोलावणे येई आणि तो घरी नसेल तर कुटुंबातील दुसऱ्याला जावे लागे. ज्याला कोणत्याही क्षणी हाक येऊ शकते, त्याने उद्याचा बेत कशाच्या आधारावर करावा? वेठबिगारीने माणसाचे श्रम तर नेलेच, त्याचा उद्याही नेला.

वेळ परत मिळवण्याचा इतिहासही आपल्याच माणसांनी घडवला आहे. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांतून १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी १९४६ ची दुरुस्ती हे त्यांच्याच प्रयत्नांचे फळ होते. म्हणून आज आपण वहीत 'सायंकाळी सात ते साडेआठ : वाचन' असे लिहितो, तेव्हा त्या दीड तासामागे फार मोठा लढा उभा असतो.

बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेतील परळच्या चाळीची आठवण तर प्रत्येक पालकाने ऐकावी अशी आहे. एका खोलीत सारे कुटुंब राहत होते. अभ्यासाला निवांत कोपरा मिळणे अशक्य होते. वडील सुभेदार रामजी यांनी त्यावर उपाय काढला. भीमरावांनी लवकर निजावे. रामजी स्वतः रात्री दोनपर्यंत जागत, मग मुलाला उठवत आणि नंतर निजत. पहाटेपर्यंत मिणमिणत्या दिव्याच्या उजेडात अभ्यास चाले. जागा वाटून घेता येत नव्हती, म्हणून पिता-पुत्रांनी वेळ वाटून घेतली. कालखंड राखून ठेवणे याहून वेगळे ते काय? या नियोजनात वडिलांचाही वाटा होता, हे विशेष. पुढे लंडनला ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात दिवसच्या दिवस बसणाऱ्या विद्यार्थ्याची बैठक अशा रात्रींतून तयार झाली असावी.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. प्रथम तीन दिवस काहीही न बदलता, आपला वेळ कोठे जातो याची प्रामाणिक नोंद करावी. मोबाइलवर गेलेला वेळही लिहावा. पूर्वी हाक वाड्यावरून येत असे, आता ती खिशातून येते, एवढे त्या नोंदीवरून कळते. त्यानंतर रोज रात्री दहा मिनिटे काढून दुसऱ्या दिवसाची आखणी करावी. झोप, जेवण, नोकरी, प्रवास हे न हलणारे कालखंड आधी मांडावेत. उरलेल्या वेळेतून मन ताजे असते असा एक ते दीड तास सर्वांत महत्त्वाच्या एकाच कामासाठी राखावा. फोन, बिले, निरोप, बाजारहाट अशी किरकोळ कामे दिवसभर विखुरण्यापेक्षा एकत्र उरकावीत. आणि एक-दोन कालखंड रिकामे सोडावेत. पाहुणा येतो, बस चुकते, मूल आजारी पडते. रिकामी जागा नसेल तर पहिल्याच धक्क्याला सारी आखणी कोसळते.

माझी पहिली आखणी अशीच कोसळली होती. पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने मी आखले होते. चौथ्या दिवशी वही कपाटात गेली. दोष रीतीचा नव्हता, माझ्या हावेचा होता. तेव्हापासून एक नियम पाळतो : आखणी मोडली तर स्वतःला दोष देत बसायचे नाही. जितके वाजले असतील तेथून उरलेला दिवस पुन्हा आखायचा.

आपल्या भागातील पालक म्हणतील, "गुरुजी, हे पगारदारांना जमते. आमचं काय?" आक्षेप रास्त आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत मजुराचा दिवस त्याच्या हाती नसतो. कृषिपंपाला वीज कधी दिवसा, कधी रात्री मिळते. तेथे वर्षभर एकच वेळापत्रक चालणार नाही. दिवसाच्या पाळीच्या आठवड्याचे एक आणि रात्रीच्या पाळीचे दुसरे, वेचणीच्या हंगामाचे एक आणि उन्हाळ्याचे दुसरे, असे करावे लागेल. सारा दिवस आखता येत नसेल तर एकच कालखंड राखावा. रोज संध्याकाळी अर्धा तास घरातील टीव्ही बंद ठेवून मुलाजवळ बसणे, एवढेही पुष्कळ आहे. पालक निरक्षर असले तरी चालेल. रामजींनी राखला तसा मुलाचा वेळ राखणे, हे त्यांचे काम.

आणखी एक विनंती. घराचे वेळापत्रक मांडाल तेव्हा त्यात आईचा कालखंड कोणता, हे अवश्य पाहा. घरातील प्रत्येकाची हाक तिलाच असते. पाणी, डबा, औषध, कपडे, आणि तिचा दिवस इतरांच्या वेळांमधल्या फटींत संपतो. वेळेवर केवळ पुरुषाची मालकी असेल, तर वतनाची जुनी पद्धत आपण चार भिंतींच्या आत चालूच ठेवली, असे म्हणावे लागेल. तिचा एक तास वहीत लिहा आणि त्या तासाला चहा आपण करा.

त्या माजी विद्यार्थ्याला निरोप देताना मी एक कोरी वही दिली. पहिल्या पानावर त्याने माझ्यासमोरच दुसऱ्या दिवसाचे सहा कालखंड लिहिले आणि त्यातील एक रिकामा ठेवला. फाटकापर्यंत गेल्यावर तो वळून म्हणाला, "सर, आता घंटा मीच वाजवीन." आपल्या शाळेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला असे म्हणता यावे, एवढीच सदिच्छा.

जय भीम!