२७२ स्थानकांची परिक्रमा

लंडनच्या भुयारी रेल्वेवर आजमितीस २७२ स्थानके आहेत. त्यांपैकी प्रत्येकावर एकदा तरी पोहोचायचे, एकही गाळायचे नाही, असा संकल्प करून घराबाहेर पडणारी माणसे त्या शहरात साठाहून अधिक वर्षे आढळत आली आहेत, आणि गिनेसच्या विक्रमग्रंथानेही १९६० पासून या उद्योगाला आपल्या दप्तरी जागा दिलेली आहे. या मंडळींचे दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग घड्याळाशी झुंजणाऱ्यांचा. पहाटेची पहिली गाडी धरायची आणि रात्रीची शेवटची गाडी सुटण्याच्या आत सारी स्थानके पदरात पाडून घ्यायची, ही त्यांची प्रतिज्ञा. दुसरा वर्ग सवड मिळेल तसतसे एकेका स्थानकावर उतरणाऱ्यांचा, फाटकाबाहेर येऊन तो मोहल्ला डोळे भरून पाहणाऱ्यांचा आणि वर्षानुवर्षे आपली यादी पुरी करीत राहणाऱ्यांचा. पहिल्यांच्या चिकाटीविषयी मला आदर वाटतो; परंतु शहर ज्याला खरोखर कळते तो दुसरा, असे माझे मत आहे.

विक्रमवीरांचे नियम मोठे विचारपूर्वक घातलेले आहेत. गाडी त्या स्थानकात थांबली पाहिजे, मात्र प्रवाशाने फलाटावर पाऊल टाकलेच पाहिजे अशी सक्ती नाही. मधले अंतर सार्वजनिक बसने किंवा पायी तोडण्यास मुभा आहे, पण खाजगी मोटार, टॅक्सी आणि सायकल वर्ज्य. आणि प्रत्येक स्थानकाची वेळ नोंदवहीत टिपून साक्षीपुराव्यासह सादर करावी लागते. वरकरणी हा केवळ पायांचा आणि जागरणाचा प्रश्न भासतो, प्रत्यक्षात तो गणिताचा आहे. लोहमार्गाच्या फांद्या शहराच्या कडेला जाऊन संपतात, आणि फांदीच्या टोकाला गेलेल्या माणसाला त्याच वाटेने माघारी येणे म्हणजे वेळेचा निव्वळ अपव्यय. स्टॅनमोर आणि एजवेअर ही दोन टोके एकमेकांच्या शेजारची. परंतु एकाहून दुसऱ्याकडे रेल्वेनेच जायचे ठरविले, तर थेट मध्यवस्तीपर्यंत येऊन पुन्हा उत्तरेस परतावे लागते. म्हणून तेथे बस धरायची, आणि वेस्ट राइस्लिपहून इकेनहॅमला तर धावतच सुटायचे, असे बेत आखले जातात. केन्सिंग्टन ऑलिम्पिया या स्थानकावर डिस्ट्रिक्ट मार्गाच्या गाड्या आठवड्याच्या कामाच्या दिवशी अगदी मोजक्या येतात, आणि चेशमच्या एकेरी रुळावर अर्ध्या तासाने एक गाडी असते. या दोहोंचे वेळापत्रक साधले, तरच बाकीचा दिवस साधतो. स्थानकांची संख्या २७० होती त्या काळात हा विक्रम सोळा तासांच्या आसपास येऊन ठेपला होता. तेवढ्या अवधीत भोजन आणि विश्रांती यांना किती वाव उरत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

सावकाश हिंडणाऱ्याला यातली कोणतीच घाई नसते, आणि म्हणून नकाशाने झाकलेल्या गोष्टी त्याच्या दृष्टीस पडतात. हॅरी बेक हा रेल्वेच्या सिग्नल खात्यात काम केलेला आरेखक. त्याने १९३१ साली असा नकाशा काढला की ज्यात रस्ते नाहीत, अंतरे नाहीत, टेम्स नदीखेरीज भूगोलाची खूण नाही. केवळ सरळ आणि तिरप्या रेषा व त्यांवर सारख्या अंतराने मांडलेली स्थानके. वरिष्ठांनी तो प्रथम नामंजूर केला, १९३३ मध्ये छापला, आणि लोकांनी तो तत्काळ आपलासा केला. या नकाशाचे उपकार मोठे आहेत. पण लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन यांमधले अंतर जेमतेम २६० मीटर, तर चॅल्फंट-लॅटिमर आणि चेशम यांमधले सव्वासहा किलोमीटर, हे त्यावरून कधीही उमगणार नाही. चेशम हे तर लंडनच्या हद्दीबाहेरचे, बकिंगहॅमशर परगण्यातले टुमदार गाव. तेथे उतरणाऱ्याला आपण भुयारी रेल्वेने आलो यावर विश्वास ठेवणे कठीण जाते. या रेल्वेचा निम्म्याहून अधिक मार्ग उघड्यावरूनच धावतो, ही गोष्टही शेवटच्या स्थानकांपर्यंत गेल्यावाचून मनावर ठसत नाही.

या साऱ्याचा आरंभ १० जानेवारी १८६३ रोजी झाला. पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन हा सुमारे सहा किलोमीटरचा मार्ग रस्ता उकरून, त्यात कमानी बांधून आणि वरून पुन्हा झाकून तयार केलेला होता, आणि त्यातून वाफेची इंजिने धूर ओकीत धावत असत. ज्याने या कल्पनेचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला तो नगराचा विधिसल्लागार चार्ल्स पिअर्सन आदल्याच वर्षी निवर्तला होता. बेकर स्ट्रीट स्थानकाचे त्या वेळचे फलाट अद्याप वापरात आहेत. विटांच्या कमानीखाली उभे राहून वर पाहिले असता धूर बाहेर जाण्यासाठी आणि उजेड आत येण्यासाठी ठेवलेली तिरपी गवाक्षे स्पष्ट दिसतात. खोल नळीसारखे बोगदे आणि विजेवर चालणारी गाडी ही १८९० ची करामत. लंडनच्या उत्तर भागाखालची घट्ट चिकणमाती बोगद्यांना अनुकूल, दक्षिणेची भूमी पाणथळ आणि प्रतिकूल. शिवाय दक्षिणेत इतर रेल्वे कंपन्यांनी आधीच बस्तान बसविलेले. परिणामी आजही टेम्सच्या दक्षिणेस स्थानके फार थोडी.

स्थानकांच्या इमारतींविषयी लिहू लागलो तर लेखणी आवरणे अवघड. लेस्ली ग्रीन या तरुण स्थापत्यकाराने १९०६-०७ च्या सुमारास उघडलेल्या अनेक स्थानकांना गडद तांबड्या चकाकत्या फरशांचे दर्शनी भाग दिले, आणि १९०८ मध्ये, वयाच्या अवघ्या ३३ व्या वर्षी, तो मरण पावला. त्याची कीर्तिचिन्हे मात्र शहरभर उभी आहेत. पुढे फ्रँक पिक या कारभाऱ्याने चार्ल्स होल्डन या स्थापत्यकारास हाताशी धरले, दोघांनी १९३० साली युरोपात फिरून तेथील नवी बांधकामे पाहिली, आणि पिकॅडिली मार्गावर जी स्थानके उभारली त्यांत आर्नोस ग्रोव्ह व साउथगेट ही मला शिरोमणी वाटतात. आर्नोस ग्रोव्हच्या वर्तुळाकार दालनात एका मध्यस्तंभाभोवती सारे छत तोललेले आहे. उंच काचांतून येणारा प्रकाश तिकीट काढणाऱ्या सामान्य चाकरमान्यावर पडतो, आणि इतकी काळजी त्याच्यासाठी कोणी वाहिली याचे अप्रूप वाटते. हॅम्पस्टेडचे फलाट जमिनीपासून ५८ मीटर खाली आहेत, संपूर्ण जाळ्यात सर्वांत खोल. तेथील तीनशेहून अधिक पायऱ्यांचा गोल जिना ज्याला चढवेल त्याने अवश्य चढावा.

बेथनल ग्रीनला मात्र स्थापत्य पाहण्यासाठी जाऊ नये. महायुद्धात हे स्थानक अपुरे असतानाच लोकांना आश्रयस्थान म्हणून खुले केले होते. ३ मार्च १९४३ च्या रात्री भोंगा वाजला, लोक आत शिरू लागले, जवळच्या उद्यानातून नव्या विमानवेधी अग्निबाणांचा अनोळखी गडगडाट झाला, आणि ओल्या, अंधाऱ्या जिन्यावर कोणी अडखळताच मागचा लोंढा पुढच्यांवर कोसळला. १७३ माणसे गुदमरून मेली, त्यांत ६२ मुले होती. त्या रात्री तेथे एकही बॉम्ब पडला नव्हता. जिन्यालगत उलट्या पायऱ्यांच्या आकाराचे स्मारक २०१७ मध्ये पुरे झाले, आणि मृतांची नावे त्यावर कोरलेली आहेत.

मराठी प्रवाशाने नॉर्दर्न मार्गावरील चॉक फार्म येथे उतरण्यास विसरू नये. तेथून थोड्या अंतरावर १०, किंग हेन्रीज रोड हे घर आहे. १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनमध्ये अध्ययन करीत असताना तेथे राहत होते, आणि २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते विकत घेऊन त्याचे स्मारक केले. ज्युबिली मार्गावर डॉलिस हिल नावाचे साधे, निवांत स्थानक लागते. त्या परिसरात, १९३२ साली स्थापन झालेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे. ऑक्सफर्ड सर्कसच्या गर्दीत फिरणाऱ्या पाहुण्याला डॉलिस हिलला जाण्याचे कारण एरवी पडत नाही. यादी पुरी करण्याचा नियम हे कारण निर्माण करतो. मुख्य स्थानकांना कोणाच्या संकल्पाची गरज नसते. रोडिंग व्हॅलीसारख्या, ज्यांवर अगदी थोडे प्रवासी चढतात-उतरतात, अशा स्थानकांना तो संकल्प बरोबरीचा मान देतो.

भुयारी रेल्वेच्या दीडशेव्या वर्षी, २०१३ मध्ये, मार्क वॉलिंजर या चित्रकाराने हीच समता वेगळ्या रीतीने मांडली. त्या वेळच्या २७० स्थानकांसाठी त्याने काळ्या-पांढऱ्या रेघांचे २७० चक्रव्यूह रेखाटले, एकही दुसऱ्यासारखा नाही, आणि एनॅमलच्या पत्र्यावर उतरवून प्रत्येक स्थानकात एक याप्रमाणे लावले. प्रवेशाच्या जागी तांबडी फुली आहे, वाट एकच आहे, आणि ती वळणे घेत मध्याशी नेते. पत्र्यावर जो क्रमांक घातला आहे तो २००९ च्या विक्रमवीरांनी ज्या क्रमाने स्थानके पार केली त्या क्रमाचा; चेशमपासून निघालेल्या दमलेल्या माणसांची ती पायवाट अशा रीतीने सरकारी भिंतींवर कायम झाली.

यादी मात्र कायम राहत नाही. ऑल्डविच आणि ऑंगर ही स्थानके ३० सप्टेंबर १९९४ रोजी एकाच दिवशी बंद झाली. ऑल्डविचच्या बोगद्यात युद्धकाळात ब्रिटिश म्युझियममधील मौल्यवान शिल्पे सुरक्षित ठेवली होती, आणि आता खास आयोजित फेरीवाचून तेथे उतरता येत नाही. उलट २० सप्टेंबर २०२१ रोजी नॉर्दर्न मार्गाला नवा फाटा फुटला, त्यावर नाइन एल्म्स आणि बॅटर्सी पॉवर स्टेशन ही दोन स्थानके उघडली, आणि ज्यांनी आपली वही पुरी करून ठेवली होती त्या सर्वांनी ती पुन्हा उघडून बॅटर्सीची गाडी धरली.