रक्त एक, मागणारे दोन

साठ किलोचा माणूस ताशी दहा किलोमीटर वेगाने पळतो, तेव्हा त्याचे स्नायू जाळतात त्या ऊर्जेचा जेमतेम पाव हिस्सा पळण्याच्या कामी येतो. बाकीची सगळी उष्णता. ती बाहेर पडायला वाटच नसती, तर दर सहा-सात मिनिटांना अंगाचं तापमान एकेक अंशाने चढलं असतं आणि अर्ध्या तासात गडी आडवा झाला असता. प्रत्यक्षात तो तासभर पळतो आणि वर मित्रांशी गप्पा मारत चहा पितो.

हे सांभाळतो मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस. त्याची पहिली चाल मात्र बुचकळ्यात पाडणारी आहे. पळायला लागताच कातडीतल्या रक्तवाहिन्या उघडत नाहीत, उलट आकसतात! आधी स्नायूंना रक्त मिळू दे, असा हिशेब. आतलं तापमान थोडं चढलं की मगच कातडीकडचा रस्ता मोकळा होतो. सावळ्या रंगावर लाली चटकन दिसत नाही, पण मनगटाजवळच्या शिरा तटतटून वर आलेल्या दिसतात.

कातडीला दोन प्रकारच्या मज्जातंतूंचा लगाम असतो. एक वाहिन्या आवळणारा, दुसरा त्या फुलवणारा. फुलणं म्हणजे नुसती आवळलेली पकड सैल होणं नव्हे, हे 1938 मध्ये ग्रँट आणि हॉलिंग यांनी दाखवलं. अंग तापवलेल्या माणसाच्या हाताकडची नस त्यांनी बधिर केली. पकडच सैल व्हायची असती तर हात तसाच लाल राहायला हवा होता. पण लाली ओसरली. म्हणजे वाहिन्या फुलवण्याचा हुकूम नसेतून येत होता.

स्वस्थ बसलेलं असताना कातडीला मिनिटाला पाव ते अर्धा लिटर रक्त पुरतं. कडक उष्म्यात हा आकडा सात-आठ लिटरपर्यंत जाऊ शकतो. पळताना ही चैन परवडत नाही, कारण स्नायूही तेच रक्त मागतात. तळमजल्यावर सगळे नळ सोडले की चौथ्या मजल्यावर करंगळीएवढी धार येते, तसलाच प्रकार. मग आतडी आणि मूत्रपिंडांकडचा पुरवठा कापला जातो, हृदयाचे ठोके वाढतात, आणि आतलं तापमान साधारण 38 अंशांपुढे गेल्यावर कातडीचा वाटा फारसा वाढू दिला जात नाही. रक्तदाब कोसळण्यापेक्षा थोडं तापलेलं बरं, असा शरीराचा कौल.

खरी भिस्त घामावर. अंगावर घामाच्या वीस ते चाळीस लाख ग्रंथी असतात. प्रत्येक म्हणजे कातडीत वेटोळं घालून बसलेली एक नळी. तळाशी खारट द्रव झिरपतो आणि वर येता येता नळी त्यातलं मीठ परत शोषून घेते. घाम सावकाश येत असेल तर हे काम नीट होतं. धो-धो वाहू लागला की मीठ निसटतं, आणि टोपीच्या कडेला पांढरे नकाशे उमटतात.

एक लिटर घाम वाळला तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. वाळला तर! हनुवटीवरून टपकलेला थेंब फुकट गेला. म्हणून नागपूरच्या कोरड्या उन्हात घाम काम करतो आणि मुंबईच्या दमटात नुसता बनियन भिजवतो.

1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन झाली. स्वित्झर्लंडच्या गॅब्रिएला अँडरसन-शीस लटपटत स्टेडियममध्ये शिरल्या. शेवटच्या फेरीला त्यांना साडेपाच मिनिटांहून जास्त वेळ लागला. डॉक्टरांनी त्यांना थांबवलं नाही, कारण त्यांना घाम येत होता, म्हणजे शरीराची व्यवस्था अजून चालू होती. त्या सदतिसाव्या आल्या. आज एवढ्यावर कुणी विसंबणार नाही. पळणाऱ्याला घामाने निथळत असतानाही उष्माघात होऊ शकतो, म्हणून आता शंका आली की गुदद्वारातून तापमान मोजतात.

ही यंत्रणा शिकतेही, हे मला सर्वांत नवलाचं वाटतं. दहा-चौदा दिवस रोज उन्हात व्यायाम केला की रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटतो, जास्त येतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. त्यामुळे तेवढ्याच वेगाला हृदयाचे ठोकेही कमी लागतात. मात्र काही आठवडे एसीत काढले की ही कमाई ओसरते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.