नवेगाव-नागझिरा परिसरातील वन्य श्वानकुलीन प्राण्यांचे आंत्रपरजीवी आणि संवर्धन

गोंदिया व भंडारा जिल्ह्यांत पसरलेल्या नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाची (अधिसूचना : डिसेंबर 2013) चर्चा बहुधा वाघापुरतीच मर्यादित राहते. वस्तुतः याच वनात रानकुत्रा (क्युऑन अल्पायनस) ही जागतिक पातळीवर संकटग्रस्त ठरलेली प्रजाती वावरते. नावात ‘कुत्रा’ असला तरी त्याचा वंश पाळीव कुत्र्याहून भिन्न आहे. परजीवी मात्र हा भेद मानीत नाहीत.

या प्राण्यांच्या आतड्यांत प्रामुख्याने गोलकृमी (टॉक्सोकॅरा), अंकुशकृमी (अँकायलोस्टोमा) आणि पट्टकृमी (टीनिया, एकिनोकॉकस) आढळतात. पट्टकृमीचे जीवनचक्र शिकारीशी निगडित आहे. चितळासारख्या भक्ष्याच्या शरीरातील त्याची पुटीमय अवस्था मांसासोबत पोटात जाते व तेथे प्रौढ कृमी वाढतो. हा संबंध प्राचीन असून सुदृढ प्रौढ प्राण्यास त्याचा सहसा फारसा उपद्रव होत नाही. म्हणूनच विष्ठेत अंडी दिसताच प्राणी आजारी आहे, असा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. पिल्लांची स्थिती वेगळी असते. गोलकृमीच्या अळ्या मादीच्या गर्भाशयातच पिल्लांत शिरू शकतात, तर अंकुशकृमीच्या अळ्या दुधावाटे. अंकुशकृमी रक्त शोषतो आणि काही आठवड्यांच्या पिल्लास तो रक्तक्षय जीवघेणा ठरू शकतो.

अभ्यासासाठी प्राणी पकडावा लागत नाही. रानकुत्र्यांचा कळप वनरस्त्यांच्या तिठ्यांवर ठरावीक जागी विष्ठा टाकतो. नमुने 10 टक्के फॉर्मॅलिनमध्ये ठेवून संपृक्त मिठाच्या द्रावणात ढवळले असता हलकी अंडी वर तरंगतात. तथापि टीनिया व एकिनोकॉकस यांची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली सारखीच दिसतात. तेथे डीएनए परीक्षणावाचून गत्यंतर नाही. विष्ठा रानकुत्र्याची की गावकुत्र्याची, हेही त्याच मार्गाने निश्चित होते.

खरा प्रश्न गावकुत्र्यांचा आहे. वनालगतच्या गावांतील कुत्री जंगलात शिरतात, उरलेली शिकार खातात आणि पाणवठ्यांजवळ विष्ठा टाकतात. गोलकृमीची अंडी मातीत अनेक महिने, कधी वर्षानुवर्षे तग धरतात. सोलापूर जिल्ह्यातील नान्नज परिसरात बेलसरे, वनक व गॉम्पर यांनी गावकुत्री व खोकड यांच्यातील विषाणूंचा अभ्यास केला (2014). कृमींबाबतही अशीच दुहेरी तपासणी गोंदियात आवश्यक वाटते. एकिनोकॉकसमुळे शेळ्यामेंढ्यांत व माणसांतही यकृत-फुप्फुसांत पुटी होतात. त्यामुळे मृत जनावरे उघड्यावर न टाकता पुरणे आणि कुत्र्यांना नियमित जंतनाशक देणे, ही कामे वनविभाग व पशुवैद्यकीय दवाखाने यांनी एकत्रितपणे हाती घ्यावयाची आहेत.