नथीचा फोटो आणि कॅमेऱ्याची सोंड

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीतरी जणींच्या कपाटात वरच्या फळीवर एक छोटा झूम कॅमेरा पडलेला असेल. हौसेने घेतलेला, बारशा-मुंजीत मिरवलेला आणि घरात मोबाईल आल्यावर कापडात गुंडाळून ठेवलेला. तो मोडीत काढू नका हं! दागिन्याची घडण, पैठणीच्या पदरावरचा मोर, कढीपत्त्यावरची फुलपाखराची अळी, असं बारीकसारीक टिपायला तो अजूनही छान उपयोगी पडतो. फक्त त्याला क्लोज-अपचं भिंग लावताना मी केली ती चूक तुम्ही करू नका. त्या चुकीपायी आमच्या घरात जी अढी बसली, ती अजून पुरती सुटलेली नाही.

झालं असं, की सासूबाईंच्या नथीची तार झिजली होती. नथ त्यांच्या आईची. मोती पुन्हा ओवायला सोनाराकडे द्यायचे ठरले. त्या म्हणाल्या, "देण्याआधी हिचा मोठ्ठा फोटो काढून ठेव गं. कुठला मोती कुठे आहे ते दिसायला हवं." मी म्हटलं, त्यात काय एवढं!

कॅमेऱ्यावर फुलाची खूण असते ना, ती जवळच्या फोटोची सोय. पण बहुतेक छोट्या कॅमेऱ्यांत झूम अजिबात पुढे न नेता, वस्तूच्या अगदी नाकाशी कॅमेरा नेला, तरच ती नीट चालते. मग कॅमेऱ्याची सावली नथीवर पडते आणि पुढचा मोती टपोरा, मागचा बारीक असा वेडावाकडा फोटो येतो. लांब राहून झूम करावी, तर कॅमेरा म्हणतो मला इतक्या जवळचं दिसत नाही. यावर उपाय म्हणजे पुढे लावायचं भिंग. आपल्या चाळिशीच्या चष्म्यासारखंच ते, आणि नंबरही तोच. प्लस 2 च्या भिंगाने साधारण 50 सेंटिमीटरवरून स्पष्ट दिसतं, प्लस 4 ने 25 वरून, प्लस 10 ने जेमतेम 10 वरून. (हजाराला नंबराने भागा, मिलिमीटर मिळतात. कॅमेरा दूरवर फोकस असतानाचा हा हिशेब.)

मी भिंग आणलं, पण ते लावायला आमच्या कॅमेऱ्याच्या सोंडेवर आटेच नव्हते. मी आपली हुशारी केली. चिकटपट्टीने गोल गुंडाळून भिंग सोंडेच्या तोंडाशी बसवून टाकलं. पहिला फोटो जरा हलला. म्हणून नथ पुन्हा मांडत बसले, खाली काळं कापड घातलं, एक मोती फिरवला. तेवढ्यात काही मिनिटं कोणी हात लावला नाही म्हणून कॅमेरा आपोआप बंद व्हायला लागला. सोंड आत जाऊ लागली, चिकटवलेलं भिंग कॅमेऱ्याच्या कडेला अडकलं आणि आतून कर्र... कर्र असा आवाज आला. पडद्यावर लेन्स एरर! तो कॅमेरा पुन्हा उघडला नाही.

अहो, ती सोंड म्हणजे एकात एक बसणाऱ्या पातळ नळ्या. त्यांना ढकलते एक इवलीशी मोटर आणि बारीक दात्यांची चाकं. ती स्वतःचं ओझं कशीबशी वाहते. तिच्या टोकाला काच लटकवली की सोंड मान टाकते, वाटेत काही अडलं की दाते घसरतात. म्हणून भिंगाचं वजन कॅमेऱ्याच्या अंगावर यायला हवं, सोंडेवर नाही.

त्यासाठी अडॅप्टरची नळी मिळते. तुमच्या कॅमेऱ्यात सोंडेच्या मुळाशी एक कडं आहे का आणि शेजारी छोटं बटण आहे का, ते पाहा. कॅननच्या पॉवरशॉट जी 9 (2007) आणि जी 10 (2008) मध्ये ते आहे. बटण दाबून कडं फिरवलं की ते निघतं आणि तिथे ही नळी बसते. सोंड नळीच्या आत खुशाल मागेपुढे होते आणि भिंग नळीच्या तोंडाशी असलेल्या 58 मिलिमीटरच्या आट्यांवर बसतं. पण नळी त्याच मॉडेलची हवी बरं का! जी 9 ला एलए-डीसी 58 एच, जी 10 ला 58 के. दिसायला बहिणी-बहिणी, पण अदलाबदल चालत नाही. ही मॉडेलं केव्हाच बंद झाली, तेव्हा नळी जुन्या सामानात शोधावी लागेल. घेताना तिच्यावरचं अक्षर वाचून घ्या.

नळी आणली की लगेच भिंग लावू नका. आधी नुसती नळी बसवा, कॅमेरा सुरू करा आणि झूम शेवटपर्यंत नेऊन परत आणा. नळीच्या तोंडावर पातळ कागदाचा कपटा अलगद धरा. सोंडेने तो ढकलला, तर ती नळी तुमच्या कॅमेऱ्याची नव्हे. उद्या कागदाच्या जागी काच असेल!

भिंग बसवताना बरणीच्या झाकणाची युक्ती करा. आधी उलटं फिरवा, आटे जुळल्याचा बारीक टक्क लागला की मग सुलटं. जोर लावून आवळू नका.

ज्या कॅमेऱ्यांना असं कडं नसतं, त्यांच्यासाठी सोंडेच्या तोंडावर चिकटवायच्या कड्या मिळतात. सोनीच्या आरएक्स 100 (2012) साठी कंपनीचीच 49 मिलिमीटरची आहे. मात्र ओझं सोंडेवरच येतं, म्हणून तिथे हलकी काचच लावा आणि काम झालं की कॅमेरा बंद करण्याआधी ती काढा. झटपट चिकटणारा डिंक तर मुळीच नको. त्याच्या वाफेने काचेवर पांढरा थर बसतो.

आता भिंग कोणतं घ्यायचं? एकाच काचेच्या स्वस्त भिंगात कडांना रंगीत झालर दिसते. दोन काचा जोडलेलं महाग पडतं, पण मोती मोत्यासारखा दिसतो. कॅननचं 500 डी म्हणजे प्लस 2 आणि 250 डी म्हणजे प्लस 4. याच नावांचे कॅमेरेही आहेत, दुकानात घोटाळा होऊ देऊ नका.

नळीमुळे फ्लॅश अडतो, तेव्हा खिडकीजवळ बसा, पण ऊन नको. तुमचं भिंग म्हणजे शेवटी सूर्यकिरण गोळा करणारी काचच. उन्हाच्या खिडकीत ते उघडं राहिलं तर कापड जळू शकतं. सुरुवातीला कोपऱ्यात काळी वर्तुळं दिसतील, ती जाईपर्यंत झूम पुढे न्या. कॅमेऱ्याखाली मुगाची छोटी पिशवी ठेवा, हवा तसा तिरका बसतो. दोन सेकंदांचा टायमर लावा म्हणजे बोटाचा धक्का लागत नाही. आणि स्पष्ट दिसेपर्यंत कॅमेरा हलवू नका, नथीचं ताट सरकवा. अर्धा बोटभर मागेपुढे केलं की पुरतं.

काच पदराने पुसायची नाही, हे मी स्वतःलाही बजावते. धुळीचा कण पदरात अडकून ओरखडा उठतो. आधी रबरी फुग्याने हवा मारावी, मग काचेसाठीचं मऊ कापड. पावसाळ्यात बुरशी लागते, म्हणून भिंग सिलिका जेलच्या पुडीबरोबर घट्ट डब्यात ठेवा.

सासूबाईंची नथ मात्र त्या वेळी फोटोशिवायच सोनाराकडे गेली. परत आली तेव्हा त्यांनी ती हातात घेतली, उजेडात धरली आणि म्हणाल्या, "वरचा मोती असा नव्हता." सोनार म्हणाला, मोती तोच, तार नवी म्हणून तसं वाटतं. आमचे हे त्याच्या बाजूने, मी सासूबाईंच्या, आणि पुरावा कोणाकडेच नाही. सासूबाईंनी ती नथ पुन्हा घातली नाही.

यंदा जाऊबाईंची नथ ओवायला द्यायची होती. या वेळी नळी लावून, प्लस 4 चं भिंग बसवून पुढून, मागून आणि दोन्ही बाजूंनी असे चार फोटो काढले. एका मोत्याच्या भोकाशी असलेला केसाएवढा तडाही त्यात दिसतो. फोटो छापून एक प्रत सोनाराला दिली, एक नथीच्या डबीत ठेवली. सासूबाईंनी ते फोटो चष्मा लावून बराच वेळ पाहिले. मग विचारलं, "माझ्या नथीचे आता काढून काय उपयोग, नाही का गं?"

मी तरी काढलेच.