इंग्लंडचे ‘वाईट’ राजे : मूल्यमापनाच्या निकषांचा प्रश्न

प्रस्तावना :
इंग्लंडच्या इतिहासात ‘सर्वांत वाईट राजा कोण?’ हा वाद जुना आहे. दुसरा एडवर्ड, सहावा हेन्री, तिसरा रिचर्ड, मेरी ट्यूडर, पहिला चार्ल्स अशी अनेक नावे पुढे येत असली, तरी जॉन राजाचे (कारकीर्द इ.स. ११९९ ते १२१६) नाव बहुधा अग्रस्थानी असते. मात्र ‘वाईट’ या एका शब्दात क्रौर्य, अकार्यक्षमता आणि प्रजेवर झालेले दुष्परिणाम हे तीन भिन्न अर्थ मिसळलेले असतात. ते वेगळे केल्याशिवाय या वादाला इतिहासशास्त्रीय मूल्य प्राप्त होत नाही. प्रस्तुत लेखात जॉन व सहावा हेन्री यांच्या तुलनेतून या निकषांची चिकित्सा केली आहे.

साधनांची विश्वसनीयता :
राजाची अपकीर्ती कोणी लिहून ठेवली, हा पहिला प्रश्न होय. जॉनची काळी प्रतिमा मुख्यतः सेंट ऑल्बन्स मठातील रॉजर ऑफ वेंडोव्हर व मॅथ्यू पॅरिस या बखरकारांनी त्याच्या मृत्यूनंतर रंगविली. पोपशी झालेल्या संघर्षामुळे १२०८ ते १२१४ या काळात इंग्लंडमधील धर्मविधींवर बंदी होती. त्यामुळे धर्मसंस्थेचा रोष स्वाभाविक होता. मेरीच्या कारकिर्दीत (१५५३ ते १५५८) सुमारे २८० प्रॉटेस्टंटांना जिवंत जाळण्यात आले, हे सत्य आहे. तथापि तिची प्रतिमा दृढ केली ती जॉन फॉक्सच्या १५६३ मधील ग्रंथाने, म्हणजे एलिझाबेथच्या राजवटीत. तिसऱ्या रिचर्डचा सांगाडा २०१२ मध्ये लेस्टर येथे सापडला. त्याचा पाठीचा कणा वाकडा होता, हे त्यावरून सिद्ध झाले. परंतु वाळलेल्या हाताची कथा मात्र टिकली नाही.

जॉन : सामर्थ्याचा दुरुपयोग
बखरी बाजूला ठेवून दरबारी दफ्तर पाहिल्यास जॉन आळशी नव्हता, असे दिसते. राजाज्ञांच्या नकला गुंडाळ्यांवर नियमितपणे उतरवून ठेवण्याची पद्धत त्याच्याच कारकिर्दीत रुजली. न्यायदान व करवसुली यांत तो जातीने लक्ष घाली. तथापि १२०४ मध्ये नॉर्मंडी गमावल्यावर ती परत मिळविण्यासाठी त्याने सरदारांवर लष्करी सेवेऐवजी घ्यावयाचे कर व जबर दंड लादले. त्याच्या कैदेतील पुतण्या आर्थर १२०३ मध्ये नाहीसा झाला. विल्यम द ब्रिओझ या सरदाराची पत्नी व मुलगा १२१० मध्ये बंदिवासात उपासमारीने मरण पावले. १२१४ मध्ये बूव्हीनच्या लढाईत त्याच्या मित्रपक्षांचा पराभव झाला आणि १५ जून १२१५ रोजी त्याला मॅग्ना कार्टा मान्य करावा लागला. ही सनद त्याने काही आठवड्यांतच पोपकडून रद्द करून घेतली व देश यादवीत लोटला गेला.

सहावा हेन्री : सामर्थ्याचा अभाव
सहावा हेन्री याच्या नेमका उलट होता. १४२२ मध्ये अवघ्या नऊ महिन्यांचा असताना तो गादीवर आला. तो धर्मनिष्ठ व दयाळू होता. ईटन विद्यालय (१४४०) व केंब्रिजमधील किंग्ज कॉलेज (१४४१) ही त्याचीच देणगी होय. परंतु दरबारातील गटांना आवर घालणे त्याला जमले नाही. १४५३ पर्यंत फ्रान्समधील कॅलेवगळता सर्व प्रदेश गेला. त्याच वर्षी त्याला मानसिक आजाराने ग्रासले. १४५५ मध्ये गुलाबांच्या युद्धास तोंड फुटले. व्यक्ती म्हणून निर्दोष असलेल्या या राजाच्या काळात झालेला रक्तपात जॉनच्या क्रौर्याला सहज मागे टाकतो.

निष्कर्ष :
परिणाम हा निकष मानल्यास हेन्रीची कारकीर्द अधिक विनाशकारी ठरते. परंतु नैतिक जबाबदारी हा निकष मानल्यास दोष जॉनकडेच जातो, कारण त्याच्याजवळ बुद्धी, अनुभव व यंत्रणा असूनही त्याने त्यांचा वापर दहशतीसाठी केला. हेन्रीच्या बाबतीत खरा दोष, जन्मालाच पात्रता मानणाऱ्या वंशपरंपरागत व्यवस्थेचा आहे. जॉनच्या जुलमातून राजसत्तेवर कायद्याचे बंधन असावे हा विचार सनदेत उतरला. हेन्रीच्या दुबळेपणातून मात्र सिंहासनासाठीची लढाईच उद्भवली. म्हणून इतिहासाच्या अध्यापनात ‘वाईट राजा’ हे विशेषण वापरताना ते कोणत्या निकषावर व कोणाच्या साक्षीवरून वापरले जात आहे, हे विद्यार्थ्यांसमोर स्पष्ट करणे अगत्याचे ठरते.