वाढत्या कंपनीचा कारभार

विक्री वाढली म्हणजे कंपनीचा कारभारही आपोआप सुधारतो ही समजूत किती भ्रामक आहे, हे अमेरिकेतील जनरल मोटर्सच्या पहिल्या बारा वर्षांच्या इतिहासावरून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच अन्य उदाहरणावरून होईल. विल्यम ड्युरंट यांनी १९०८ साली ती स्थापन केली आणि एकामागून एक कारखाने विकत घेण्याचा सपाटा लावला. परंतु महत्त्वाचे निर्णय ते बहुधा स्वतःच घेत, आणि रोकड मात्र ज्या त्या कारखान्याच्या ताब्यात असल्यामुळे मध्यवर्ती दप्तरास पैशाची निकड भासली तर आपल्याच खातेप्रमुखांची मनधरणी करावी लागे. १९२० साली मोटारींची मागणी एकाएकी ओसरली तेव्हा, मर्यादा घालून दिलेली असतानाही भरमसाट खरेदी केलेला माल कोठारांत पडून राहिला आणि ड्युरंट यांना अध्यक्षपद सोडावे लागले. हा मनुष्य बुद्धिमान होता, धाडसी होता. अधिकार वाटून देण्याची कला तेवढी त्याला साधली नाही, याची हळहळ वाटते.

पुढे त्याच कंपनीतील एक अधिकारी आल्फ्रेड स्लोन यांच्या योजनेनुसार प्रत्येक विभागप्रमुखास आपल्या कारखान्यापुरती मुखत्यारी मिळाली, भांडवल व धोरण यांवरील नियंत्रण मध्यवर्ती समित्यांकडे राहिले, आणि किती गाड्या खपल्या याचा तक्ता विक्रेत्यांकडून दर १० दिवसांनी येऊ लागला. ज्यांचे उद्योग आज झपाट्याने वाढत आहेत त्यांनी, नवी शाखा उघडण्यापूर्वी, कोणता निर्णय कोणी घ्यावयाचा हे लेखी ठरवून ठेवावे.